सराव सामन्यात यजमान का हरतो

मी फुटबॉलचा गेम बनवतो आणि मला फुटबॉल खेळता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर कुणीतरी सांगणारच आहे. शाळेत असताना एकदा मी बॉलला लाथ मारली होती. ती बॉलला न लागता जमिनीला लागली आणि पायाच्या अंगठ्याचं नख महिनाभर काळं राहिलं. त्यानंतर या खेळाशी माझा जो काही संबंध आला तो खुर्चीत बसून आला.

माझ्या गेममध्ये तशीही लाथ मारावी लागत नाही. खेळणारा माणूस संघाचा मॅनेजर असतो. तो खेळाडू निवडतो, कोण कुठे उभा राहील ते ठरवतो आणि मग मोबाईलच्या पडद्यावर सामन्याचं वर्णन ओळीओळीनं सरकतं ते बघत बसतो. कुणी चुकलं की त्याला नावं ठेवतो. जुन्नरच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर हे काम रोज फुकटात चालतं, मी फक्त त्याला बटणं बसवली. पुण्याची नोकरी सोडून मी घरी परत आलो तेव्हा वडिलांनी विचारलं, आता काय करणार. मी म्हणालो, गेम बनवणार. वडील एसटीत मेकॅनिक होते, त्यांचा सगळा जन्म खऱ्या गाड्यांखाली उताणं पडून गेला. त्यांनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी खरं कायच न्हाई." हे म्हणणं मला आजवर खोडून काढता आलेलं नाही.

गेम मात्र चालला. फार नाही, पण बाजारपेठेतल्या गल्लीत वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत बसून बनवलेला गेम जितका चालावा त्यापेक्षा बरा चालला. कोल्हापूरची मंडळी तर त्यावर तुटून पडली, कारण त्यांना फुटबॉलचं वेड आहे आणि वाद घालायला त्यांना माझ्यासारखा माणूस हवाच असतो. पण माझं सगळ्यात त्रासदायक गिऱ्हाईक घरातलंच होतं. माझी मोठी बहीण.

ताई क्रीडाशिक्षिका आहे. घोडेगावच्याही पुढे, भीमाशंकरच्या रस्त्यानं डोंगरात शिरलं की तिची शाळा लागते. तिथल्या पोरी कबड्डीत तयार होत्या. भाताच्या खाचरांत चिखल तुडवून पायांत अशी ताकद आलेली की एकदा पकड केली की समोरच्या पोरीनं फक्त देवाचं नाव घ्यायचं. सगळं सुरळीत चाललं असताना कुठल्याशा योजनेतून शाळेला बारा फुटबॉल आणि लोखंडी पाइपांचे दोन गोलपोस्ट आले. जाळ्या आल्या नाहीत. मागितलं कुणीच नव्हतं, पण आलेली वस्तू परत पाठवायला जास्त कागद लागतात, म्हणून मुख्याध्यापकांनी सही केली आणि ताईला सांगितलं, शिकवा. ताईनं जन्मात फुटबॉल खेळला नव्हता. तिनं मला फोन केला.

"तू करतोस ना ते फुटबॉलचं? मग मला शिकव."

मी तिला माझा गेम मोबाईलमध्ये घ्यायला लावला. हा माझा पहिला गुन्हा.

ताईनं त्या गेममध्ये स्वतःच्या शाळेचा संघ उतरवला. नावांच्या जागी हजेरी क्रमांक टाकले. क्रमांक चार, गोलकीपर, उंच, सर्दी वारंवार. क्रमांक सतरा, बचाव, वेग चांगला, लाजाळू. माझ्या गेममध्ये लाजाळूपणाचा रकाना नव्हता. ताईनं तो मागितला, मी नाही म्हटलं, आणि तिनं पुढचा आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं. शेवटी मी तो रकाना बसवला. कोल्हापूरकरांना तो आजही कळलेला नाही.

मग एका रविवारी, विहारातली वंदना उरकून आम्ही घरी चहा घेत बसलो होतो, तेव्हा तिनं मोठी तक्रार काढली. गेममध्ये सराव सामने नव्हते. संघ तयार केला की थेट स्पर्धेत. शिवाय कॉर्नर, फ्री किक, थ्रो-इन, म्हणजे जेव्हा खेळ थांबतो आणि ठरलेल्या जागेवरून पुन्हा सुरू होतो, त्या वेळी कुणी कुठे पळायचं याचीही तालीम घेता येत नव्हती. फुटबॉलवाले याला सेट-पीस म्हणतात.

"पोरी डायरेक्ट मॅचला उभ्या करतोस?" ताई म्हणाली. "सरावच न्हाई?"

मी तिला अडचणी सांगितल्या. सर्व्हरवर ताण येतो, गेम सुरू व्हायला वेळ लागतो, लोकांना निकालाशिवाय सामने आवडत नाहीत. तिनं बशीतला चहा संपवला.

"तू कधी कशाचा सराव केलायस, म्हणून तुला सुचंल," ती म्हणाली.

हे खरं आहे. मी सायकल सराव करून नाही, पडून शिकलो. तबल्याच्या क्लासला दोनदा गेलो. सराव म्हटलं की मला जांभई येते, आणि बहुधा म्हणूनच मी असा धंदा निवडला ज्यात सराव दुसऱ्यांनी करायचा असतो. पण त्या दिवशी ताई भांडायला आलेली नव्हती. तिनं कप खाली ठेवला आणि खरी गोष्ट सांगितली. शनिवारी सकाळी शाळेत फुटबॉलचा एक तास असतो. मुख्याध्यापकांना तो तास शिष्यवृत्तीच्या गणितासाठी हवा होता. त्यांनी ताईला सांगितलं होतं, दिवाळीच्या सुट्टीआधी एक सामना जिंकून दाखवा, सराव सामना असला तरी चालेल, पण माझ्या डोळ्यांसमोर. नाहीतर शनिवारचा तास गणिताला.

"गणित बी चांगलंच असतं," मी म्हणालो.

"असतं की. पण तुला सांगते, त्या एका तासात त्या पोरी आरडत्यात. मोठमोठ्यानं. क्रमांक सतराचा आवाज मी दोन वरीस ऐकला नव्हता. वर्गात न्हाई, प्रार्थनेला न्हाई. पयल्यांदा ऐकला तो बॉल मागताना."

मी म्हणालो, करतो.

सराव सामना गेममध्ये घालायचा म्हणजे आधी आकडे लागतात. यजमान किती वेळा जिंकतात, पाहुणे किती वेळा, दमणूक किती होते, आपसातली समज किती वाढते. मी ताईला विचारलं, तुझ्याकडे काही नोंदी आहेत का. तिच्याकडे वहीच होती. खाकी कव्हर घातलेली, लाल शाईनं समास आखलेली, दोन वर्षांतला प्रत्येक सराव सामना तारखेसकट. डोंगरपट्ट्यातल्या चार-पाच शाळा एकमेकींकडे जाऊन खेळत. मी ती वही घेऊन बसलो आणि तासाभरात मला एक शोध लागला, जो मला वाटतं जगात इतर कुणालाही लागला नसेल. घरच्या मैदानावर खेळणारा संघ हरत होता. जवळजवळ दरवेळी. ताईची शाळा घरी सात सामने खेळली आणि सातही हरली, बाहेर तीन खेळली आणि तिन्ही जिंकली. जगभर नेमकं उलटं असतं, घरच्या मैदानाचा फायदा होतो, हे मला ठाऊक होतं. पण माझ्यासमोर वही होती, लाल शाईचा समास होता, आणि मी पुण्यात पाच वर्षं लोकांना आकड्यांवर विश्वास ठेवायला शिकवत होतो.

मी त्यावर एक सिद्धांतही रचला. घरच्या लोकांसमोर खेळताना दडपण येतं, असा. चांगला दिसत होता. तो मी गेममध्ये घातला आणि नवीन आवृत्ती लोकांसाठी सोडली.

चौथ्या दिवशी कोल्हापूरहून एका गृहस्थांचा संदेश आला. "भाऊ, घरच्या मैदानावर आमचा संघ एकूण एक सराव सामना हरायला लागलाय. तुमच्याकडं मैदान उलटं असतंय काय?" मी त्यांना दोन परिच्छेदांचं उत्तर लिहिलं. त्यात डाटा हा शब्द सहा वेळा होता. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं. "हा डाटा कुठल्या गावचा?"

हा प्रश्न मला झोंबला, कारण तो बरोबर होता. पुढच्या शनिवारी मी मोटारसायकल काढली आणि ताईच्या शाळेत गेलो.

भात कापणीला आला होता. शाळेचं मैदान डोंगराच्या उतारावर माती कापून केलेलं आहे, त्याचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा हातभर खाली. त्या दिवशी पलीकडच्या खोऱ्यातल्या शाळेच्या पोरी सामन्याला आल्या होत्या, अर्धा रस्ता जीपनं आणि अर्धा पायी. त्यांचं जे स्वागत झालं तेवढं माझं सासरी झालेलं नाही. आधी गूळपाणी. मग पोहे. मग चहा. मग कुणाचे पाय दुखतात का, कुणाला जरा पडायचं आहे का. ताईच्या संघातली प्रत्येक पोर एकेका पाहुणीला धरून बसली होती. एवढं सगळं झाल्यावर सामना सुरू झाला, आणि तोही मला वाटतं केवळ ठरलेला होता म्हणून.

मी गोलपोस्टच्या मागे उभा राहिलो. थोड्याच वेळात पाहुण्यांना कॉर्नर मिळाला. बॉल कोपऱ्यात ठेवला गेला आणि ताईच्या पाच पोरी गोलसमोर एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. कबड्डीची साखळी. ताई बाहेरून ओरडली, "हात सोडा, किती येळा सांगायचं." त्यांनी सोडले, आणि दोन सेकंदांनी पुन्हा धरले. बॉल हवेतून आला आणि क्रमांक सतराच्या अगदी पायाजवळ पडला. तिनं पाय उचलला. बॉल पार रस्त्यावर जाईल अशी लाथ बसणार होती, हे मलासुद्धा कळलं. मग तिनं समोरून धापा टाकत येणाऱ्या पाहुणीकडे पाहिलं, पाय खाली ठेवला आणि बाजूला सरकली. एसटीत म्हाताऱ्या माणसाला जागा देताना सरकतात तशी. गोल झाला. पाहुणी ओशाळं हसली. ताईच्या सगळ्या संघाच्या चेहऱ्यावर, कसं सांगू, पाहुणे पोटभर जेवले की घरातल्या बायकांच्या चेहऱ्यावर येतं ते समाधान होतं.

मध्यंतरात मी सतराला गाठलं. तू मुद्दाम सोडलास ना बॉल, असं विचारलं. तिनं मान खाली घातली, पण उत्तर दिलं.

"सर, त्या लांबून आल्यात. पावण्यांना हरवून लावून द्यायचं व्हय?"

"आणि तुम्ही त्यांच्याकडे जाता तेव्हा?"

"तवा त्या हरत्यात," ती म्हणाली. यात विचारण्यासारखं काय आहे, असा तिचा चेहरा होता.

माझा सिद्धांत तिथेच मातीत गेला. डोंगरपट्ट्यातल्या चार-पाच शाळा दोन वर्षं एकमेकींना आळीपाळीनं जिंकू देत होत्या, प्रेमानं, पोह्यांसकट. हा पाहुणचार मी मोजला होता, त्याला दडपण असं नाव दिलं होतं आणि कोल्हापूरला पाठवला होता. मला इतकं हसू आलं की मी गोलपोस्टला टेकून बसलो.

सामना संपून पाहुण्या गेल्यावर, शाळेच्या पायरीवर बसून मी ताईला हे सांगितलं. तीही हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. सलवारीला चिकटलेली कुसळं एकेक करून काढत राहिली.

"म्हंजी भायेर जिंकल्या त्या तीन मॅच बी?"

"त्या पण."

"त्या तीनीच्या येळंला मी साऱ्या शाळंला पेढे वाटले व्हते," ती म्हणाली.

मला तेव्हा स्वतःचा राग आला. आपल्याला एखादा विनोद सापडला की तो दुसऱ्याच्या पोटात बसेल का हे बघायची मला सवय नाही. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, याचा अर्थ असा की पोरी खराब नाहीत, त्या नुसत्या सभ्य आहेत. ताईनं माझ्याकडे पाहिलं. मग उठली आणि घंटेजवळ गेली आणि सगळ्या पोरींना मैदानावर बोलावलं.

तिचं भाषण छोटं होतं. मैदानाला आखलेल्या पांढऱ्या फक्कीच्या रेघेकडे तिनं बोट दाखवलं. "या रेघेच्या भायेर पावण्यांना जेवाय वाढा, झोपाय गोधड्या द्या, जाताना रडा. रेघेच्या आत पावणं न्हाई. कळलं?" पोरी हो म्हणाल्या. एकीनं हळूच विचारलं की मग जेवण आधी की नंतर. ताई म्हणाली, नंतर. आधी वाढलं तर तुमच्याच्यानं पाय उचलायचा नाही. स्वयंपाकाच्या मावशींना हे अजिबात पटलं नाही. आलेल्या माणसाला उपाशी पळवायचं, असली रीत आमच्याकडे नाही, असं त्या दारातूनच म्हणाल्या. ताईनं त्यांचंही ऐकून घेतलं आणि ठरवलेलं बदललं नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी एकच सराव सामना उरला होता, दोन शनिवारांनी. पेठच्या पुढे, महामार्गाकडच्या एका गावातली शाळा येणार होती. त्यांना एकसारखे निळे टी-शर्ट होते आणि तळाला खुंट्या असलेले खरे स्टडचे बूट. त्या पंधरा दिवसांत मी जन्मात पहिल्यांदा सराव नावाची गोष्ट जवळून पाहिली. मी गेममध्ये सेट-पीसचा भाग लिहीत होतो, म्हणजे पडद्यावर खेळाडूंना बोटानं सरकवून कॉर्नरला कोण कुठे उभा राहील ते ठरवायचं आणि मग तीच गोष्ट सरावाच्या तासात घोटून घ्यायची. घरी मी पडद्यावर एखादी युक्ती रचायचो, ताईला पाठवायचो, ताई ती पोरींकडून करून घ्यायची आणि उत्तर पाठवायची. बहुतेक वेळा उत्तर "न्हाई जमत" एवढंच असे.

शेवटी युक्ती पोरींनीच दिली. त्यांचे हात सुटत नव्हतेच, तर ताई म्हणाली, मग धरा. आपल्या कॉर्नरला तीन पोरींनी गोलसमोर साखळी करून उभं राहायचं, बॉल उडाला की सतरानं आरोळी ठोकायची आणि तिघींनी हात सोडून तीन दिशांना फुटायचं. समोरच्यांना कळतच नाही कुणाच्या मागे जावं. मी नियम पुन्हा पुन्हा वाचले. समोरच्या खेळाडूला धरलं तर गुन्हा, आपल्याच मैत्रिणीचा हात धरायला कुठे मनाई सापडली नाही. मी ती युक्ती गेममध्ये "साखळी" या नावानं घातली आणि यजमान हरायचा आकडा काढून टाकला. कोल्हापूरच्या गृहस्थांनी लिहिलं, "आता मैदान सरळ झालं." ते सामन्याच्या आदल्या दिवशी आलं आणि मला शुभशकुन वाटला.

सामन्याच्या दिवशी सकाळी घोडेगावहून येणाऱ्या पंचांचा फोन आला की त्यांना ताप आहे. निळ्या संघाबरोबर आलेले सर इकडेतिकडे बघू लागले. मग त्यांना कुणीतरी सांगितलं की मी फुटबॉलचा गेम बनवतो.

"मग प्रश्नच नाही," ते म्हणाले आणि माझ्याशी दोन्ही हातांनी हात मिळवला. "यांच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार?"

मी ताईला बाजूला घेतलं. म्हणालो, मला धावता येत नाही, शिट्टी वाजवता येत नाही, तू हो पंच. ती म्हणाली, "मी झाले तर हेडमास्तर म्हणतील, घरच्या घरी जिंकल्या. तू शाळंच्या भायेरचा हायेस." आणि माझ्या गळ्यात शिट्टी अडकवली. मुख्याध्यापक वडाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. भला माणूस, पण त्यांच्या मांडीवर शनिवारचं वेळापत्रक होतं.

ताईच्या पोरी त्या दिवशी खेळल्या. म्हणजे खरोखर खेळल्या. पहिल्या पाच मिनिटांत निळ्या टी-शर्टवाल्या तीन पोरी मातीत बसलेल्या होत्या आणि त्यांना कुणी उठवायला गेलं नाही. सतरा सगळ्या मैदानभर ओरडत होती, "इकडं दे, मला दे, अगं दे ना." मी त्यांच्या मागे धापा टाकत पळत होतो आणि माझ्या कानात तोच आवाज होता. निळा संघ चांगला होता, त्यांनीही दोनदा बॉल पोस्टला मारला. मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. दुसऱ्या डावात मुख्याध्यापकांनी खुर्ची थोडी पुढे सरकवली. ताई रेघेबाहेर उभी होती आणि हातातली वही तिनं गुंडाळून गुंडाळून अगदी नळी केली होती.

शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली असताना आम्हाला कॉर्नर मिळाला. आम्हाला म्हणालो ते चुकून, मी पंच होतो. तिघींनी हात धरले. निळ्या पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. बॉल उडाला, सतरानं आरोळी ठोकली, साखळी फुटली, आणि ती एकटी दूरच्या पोस्टपाशी मोकळी होती. बॉल तिच्या गुडघ्याला लागून वर गेला, वरच्या पाइपाला खालून आपटला, सरळ खाली पडला आणि उसळून बाहेर आला. त्यांच्या गोलकीपरनं त्यावर झडप घातली. जाळी नव्हती. फक्कीची रेघ तासाभरात पायांनी पुसून गेली होती. सगळं मैदान माझ्याकडे वळलं.

मी जवळ होतो, मला दिसलं होतं. बॉल आत पडला होता. शिट्टी माझ्या तोंडातच होती, फक्त फुंकायची होती. मग मी त्या गोलकीपरकडे पाहिलं. ती बॉल पोटाशी धरून मातीत बसली होती आणि तिचे डोळे भरून आले होते. तिच्या मागे तिचे सर उभे होते, ज्यांनी माझ्याशी दोन्ही हातांनी हात मिळवला होता. त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं ते मला स्वच्छ आठवतं आणि ते मी इथे लिहून ठेवतो. या पोरी पहाटे निघून लांबून आल्यात, आणि अजून जेवलेल्याही नाहीत. माझा हात आपोआप हलला. मी खूण केली, खेळा.

तीन मिनिटांनी मी शेवटची शिट्टी वाजवली. शून्य-शून्य.

मुख्याध्यापक उठले आणि ताईला म्हणाले की पोरी फार सुंदर खेळल्या, त्यांना अशी अपेक्षा नव्हती. मग त्यांनी वेळापत्रकाची घडी घातली आणि विचारलं की सुट्टीनंतरचा पहिला शनिवार गणिताच्या सरांना चालेल ना. ताई म्हणाली, चालेल. मग ती माझ्याकडे आली.

"आत व्हता का रं?"

"नीट दिसलं नाही," मी म्हणालो.

ताई मान हलवून भांडी काढायला गेली. बहिणीशी मी लहानपणापासून खोटं बोलत आलो आहे आणि तिनं दरवेळी पकडलं आहे. त्या दिवशी तिनं माझ्यावर विश्वास ठेवला आणि मला जागेवर उभं राहवेना इतकी लाज वाटली.

व्हरांड्यात पंगत बसली. मावशींनी राग धरून का होईना मासवड्या केल्या होत्या. मला निळ्या संघाच्या सरांच्या शेजारी, पाहुण्यांच्या रांगेत बसवलं. वाढायला सतरा होती. ती रांगेतून खाली वाकत वाकत माझ्यापर्यंत आली. मी आवाज खाली आणून विचारलं, "बॉल आत गेला होता?"

"गेलता," ती म्हणाली आणि मोकळ्या हाताच्या बोटांनी अंतर दाखवलं. "येवढा आत."

"मग तेव्हा का नाही बोललीस? सगळ्या मैदानभर तर ओरडत होतीस."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही.

"तुमी पावणं," ती म्हणाली. "पावण्याला समद्यांम्होरं खोटं कसं पाडायचं?" आणि तिनं माझ्या ताटात आणखी एक मासवडी वाढली.